उणे शंभर

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये खोलवर एक आकडा दडलेला असतो. ‘अबाउट फोन’, मग ‘सिम स्टेटस’ आणि तिथे ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’. त्यापुढे उणे ९० डीबीएम, उणे १०५ डीबीएम असे काहीतरी लिहिलेले दिसते. आपण पाहतो त्या वरच्या चार-पाच दांड्या याच आकड्यावरून काढलेल्या असतात. दांड्यांकडे सगळ्यांचे लक्ष जाते, आकड्याकडे फार थोड्यांचे. पण तो उलगडून पाहिला तर मती गुंग होते.

शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट, वॅटचा हजारावा भाग. तिथून दर दहा पायऱ्या खाली उतरले की शक्ती दहापट कमी होते. उणे १० म्हणजे मिलिवॅटचा दहावा भाग, उणे २० म्हणजे शंभरावा, उणे ३० म्हणजे हजारावा. असे दहा टप्पे उतरले की उणे १०० येते. घराच्या आतल्या खोलीत किंवा टॉवरपासून थोड्या अंतरावरच्या गावात फोन रोज दाखवतो तसला हा साधा आकडा. त्याची किंमत आहे एका वॅटचा दहा लाख कोटीवा भाग.

आता एक हिशेब करू. आजच्या फोनची ५००० एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला साधारण ६९ हजार ज्यूल ऊर्जा लागते. उणे १०० डीबीएमचा सिग्नल पकडून, त्यातला कणही वाया न घालवता, ही बॅटरी भरायची ठरवली तर २२०० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे आजचे वय आहे सुमारे १३८० कोटी वर्षे. प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. ४जीमध्ये फोन जो आकडा दाखवतो तो फक्त १५ किलोहर्ट्झ रुंदीच्या एका पट्टीचा असतो आणि २० मेगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये अशा १२०० पट्ट्या शेजारीशेजारी चालतात. बाराशेच्या बाराशे पट्ट्यांची ऊर्जा गोळा केली तरी बॅटरी भरायला सुमारे १ कोटी ८० लाख वर्षे लागतील. इतक्या क्षीण लहरींवर आपण क्रिकेटचा सामना थेट पाहतो, परदेशातल्या नातवाशी समोरासमोर बोलतो, भाजीवाल्याला पैसे देतो.

मोबाइल कंपन्या मोठे आकडे विकतात. इतके गिगाबाइट, इतके एमबीपीएस, इतके कोटी ग्राहक. ते आकडे खोटे नाहीत आणि लहानही नाहीत. देशात शंभर कोटींहून अधिक मोबाइल जोडण्या आहेत, आठ लाखांहून अधिक टॉवर उभे आहेत. पण माझ्या मते या तंत्रज्ञानाची खरी थोरवी लहान आकड्यांत आहे. वॅटच्या किती लहान तुकड्यावर काम भागते, सेकंदाच्या किती लहान तुकड्याचा हिशेब ठेवावा लागतो, आकाशाचा किती अरुंद पट्टा वाट्याला येतो आणि त्यात किती माणसे मावतात, हे पाहिल्याशिवाय या यंत्राची ओळखच होत नाही.

सिग्नल क्षीण आहे एवढीच अडचण असती तर तो वाढवून घेता आला असता. पण कोणतीही वस्तू गरम असली की तिच्यातले इलेक्ट्रॉन वळवळत असतात आणि त्या वळवळीतून रेडिओलहरींचा गोंगाट निघतो. भिंतीतून निघतो, झाडांतून निघतो, खुद्द फोनच्या सर्किटमधूनही निघतो. तापमान आणि पट्ट्याची रुंदी सांगितली की हा गोंगाट किती, ते नेमके सांगता येते. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो उणे १०१ डीबीएम भरतो. सिग्नल वाढवायला गेलो की गोंगाटही तेवढाच वाढतो.

या गोंगाटातून किती माहिती बिनचूक नेता येईल याची मर्यादा क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये बेल प्रयोगशाळेत असताना गणिताने बांधून दिली. तेव्हा ट्रान्झिस्टर नुकता जन्मला होता आणि खिशात मावणाऱ्या टेलिफोनचा पत्ताही नव्हता. शॅनन यांचे सूत्र सांगते की पट्टा दुप्पट रुंद केला, तर सिग्नल आणि गोंगाट यांचे प्रमाण तेच असेपर्यंत वेगही दुप्पट होतो. शक्ती दुप्पट केली, तर सिग्नल आधीच बरा असताना दर सेकंदाला, दर हर्ट्झमागे फक्त एक बिट वाढतो. टॉवरची वीज दुप्पट करून वेग दुप्पट करता येत नाही तो यामुळे. गेल्या ७५ वर्षांत या क्षेत्रात झालेली जवळजवळ सगळी धडपड म्हणजे शॅनन यांच्या या रेषेपर्यंत पोहोचण्याची धडपड.

त्या धडपडीत एक गुरुशिष्यांची जोडी आहे. रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात चुका दुरुस्त करणारी एक संकेतपद्धती मांडली. ती चालवण्याइतके ताकदवान संगणक तेव्हा नव्हते. प्रबंध बाजूला पडला तो तीन दशकांहून अधिक काळ. दरम्यान १९९३ मध्ये फ्रान्सच्या क्लोद बेरू आणि सहकाऱ्यांनी ‘टर्बो कोड’ मांडले. शॅनन यांच्या रेषेच्या इतक्या जवळ कोणी पोहोचेल यावर तज्ज्ञांचाही विश्वास बसेना. पुढे ३जी आणि ४जी त्याच कोडवर चालले. टर्बो कोड आल्यावर लोकांना गॅलेगर यांचा जुना प्रबंधही आठवला. आज ५जीमध्ये आपला डेटा गॅलेगर यांच्या पद्धतीने धावतो. त्याच ५जीमधले नियंत्रणाचे छोटे संदेश ‘पोलर कोड’ने जातात. ते शोधले तुर्कस्तानातल्या बिलकेंट विद्यापीठाच्या एर्दाल अरिकान यांनी. अरिकान यांनी डॉक्टरेट केली ती गॅलेगर यांच्याच हाताखाली. एका तंत्राच्या दोन बाजू गुरू आणि शिष्य सांभाळतात, हे मला कोणत्याही वेगाच्या आकड्यापेक्षा मोठे वाटते.

या सगळ्यात एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. ४जीची यंत्रणा चालवताना साधारणपणे असा वेग निवडला जातो की डेटाच्या दर दहा गठ्ठ्यांतला एक गठ्ठा पहिल्या प्रयत्नात बिघडून पोहोचावा. हा दोष नाही, ठरवून ठेवलेले लक्ष्य आहे. सगळेच गठ्ठे नीट पोहोचत असतील तर याचा अर्थ आपण गरजेपेक्षा सावकाश चाललो आहोत. गठ्ठा बिघडला की फोन तसे टॉवरला कळवतो, टॉवर तो पुन्हा पाठवतो आणि फोन आधीची बिघडलेली प्रत फेकून न देता दोन्ही प्रती एकावर एक ठेवून त्यातून अर्थ काढतो. ही सगळी फेरी साधारण ८ मिलिसेकंदांत आटोपते.

फोनच्या बाजूचा आकडाही तितकाच विलक्षण आहे. ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट शक्तीने बोलतो आणि कमीत कमी वॅटच्या एक कोटीव्या भागाने. म्हणजे त्याच्या सर्वांत मोठ्या आवाजात आणि सर्वांत हळू कुजबुजीत २० लाख पटींचा फरक. हा आवाज किती ठेवायचा हे टॉवर सतत सांगत असतो. ३जीमध्ये तर सेकंदाला १५०० वेळा. लग्नाच्या हॉलमध्ये जवळ बसलेला माणूस ओरडू लागला की दूरच्या आजोबांचे बोलणे ऐकू येत नाही. टॉवरचेही तसेच असते. म्हणून जवळच्या फोनला गप्प ठेवावे लागते आणि लांबच्याला मोठ्याने बोलू द्यावे लागते. घाटात, रेंज जेमतेम असलेल्या ठिकाणी फोन तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते ती यामुळेच. सोसायटीच्या गच्चीवर टॉवर नको म्हणून भांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. टॉवर दूर गेला की कानाला लावलेला फोन जास्त जोराने बोलू लागतो. टॉवरच्या उत्सर्जनाची भारतातली मर्यादा तर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलेली आहे.

बोलणे नसते तेव्हा फोन झोपतो. स्क्रीन नव्हे, आतला रेडिओ. बहुतेक ठिकाणी १.२८ सेकंदांनी एकदा तो क्षणभर जागा होतो, आपल्यासाठी काही निरोप आहे का ते ऐकतो आणि पुन्हा झोपतो. एका दिवसात ही जाग येते ६७,५०० वेळा. टेबलावर निपचित पडलेला फोन हे करत असतो म्हणून बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते, आणि तरीही कोणी हाक मारली की दीड-दोन सेकंदांत रिंग वाजते.

आता वेळेकडे वळू. प्रकाश आणि रेडिओलहरी सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर धावतात. एवढ्या वेगापुढे टॉवर दोन किलोमीटरवर आहे की वीस, याने काय फरक पडणार असे वाटते. फरक पडतो. जुन्या जीएसएममध्ये एक वारंवारता आठ फोनांत वाटलेली असते आणि प्रत्येकाला बोलायला ५७७ मायक्रोसेकंदांची पाळी मिळते. दूरच्या फोनचा आवाज उशिरा पोहोचला तर तो पुढच्याच्या पाळीत घुसेल. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सांगतो की तू इतके आधी बोल. या ‘आधी’ची एक पायरी ३.६९ मायक्रोसेकंदांची. तेवढ्या वेळात लहर साधारण ११०० मीटर जाते, जाऊन-येऊन धरले तर अंतर साडेपाचशे मीटर. पायऱ्या एकूण ६३. गुणाकार केला की ३५ किलोमीटर येतात. समुद्रावर, उंच टॉवरच्या सरळ नजरेत सिग्नल पुरेसा असला तरी साध्या जीएसएमचा फोन ३५ किलोमीटरपलीकडे लागत नसे. तिथे शक्ती संपलेली नसते, वेळ संपलेली असते. ४जीत हीच पायरी ७८ मीटरवर आली आणि कमाल अंतर १०० किलोमीटरपर्यंत गेले.

५जीत आणखी एक बंधन येते. भारतातले ५जी बहुतांशी ज्या पट्ट्यांवर चालते तिथे टॉवर आणि फोन एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलतात. एका टॉवरची ऐकायची वेळ असताना शेजारचा टॉवर बोलायला लागला तर फोनचा क्षीण आवाज बुडून जाईल. म्हणून त्या भागातल्या सगळ्या टॉवरची घड्याळे खऱ्या वेळेपासून दीड मायक्रोसेकंदापेक्षा जास्त पुढेमागे होऊ देत नाहीत. ही वेळ येते प्रामुख्याने जीपीएस उपग्रहांकडून. ते २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांच्यातल्या अणुघड्याळांवर सापेक्षतेचा परिणाम होऊन ती जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. म्हणून उपग्रह सोडण्याआधीच घड्याळांची गती तेवढी कमी करून ठेवतात. टॉवरला मुभा दीड मायक्रोसेकंदाची आणि आइनस्टाइन यांनी दाखवलेला फरक दिवसाला त्याच्या पंचवीसपट! त्या उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत उणे १३० डीबीएमच्या घरात आलेला असतो, म्हणजे मघाच्या उणे शंभरच्याही हजारावा भाग. तो गोंगाटाच्या वर तर नसतोच, गोंगाटापेक्षा सुमारे ऐंशी पटींनी दुबळा असतो. १०२३ तुकड्यांचा एक ठरलेला संकेत दर मिलिसेकंदाला पुन्हा पुन्हा येतो आणि फोन तो जुळवून जुळवून गोंगाटाच्या खालून वर काढतो.

सगळ्यांत मोठी टंचाई मात्र पट्ट्यांची, म्हणजे स्पेक्ट्रमची. १९९५ मध्ये देशात मोबाइल सुरू झाला. त्या वर्षी ३१ जुलैला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला फोन केला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. सुरुवातीला प्रत्येक कंपनीला ४.४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांची एक जोडी मिळाली, एक पट्टा बोलायला आणि एक ऐकायला. त्यात २०० किलोहर्ट्झच्या २२ वाहिन्या बसतात आणि प्रत्येक वाहिनीत आठ पाळ्या. एकूण १७६. अख्ख्या मुंबईसाठी एकच उंच टॉवर उभारला असता तर एका कंपनीचे फार तर १७६ ग्राहक एका वेळी बोलू शकले असते. गिरगावातल्या एका गल्लीला तरी ते पुरले असते का?

न्यूयॉर्कने हा अनुभव घेतला होता. सत्तरच्या दशकात त्या महानगरात बेल कंपनीचे गाडीतले टेलिफोन होते साडेपाचशेच्या आसपास आणि प्रतीक्षायादीत ३,७०० माणसे ताटकळत होती. त्यावरचा उपाय बेल प्रयोगशाळेच्या डग्लस रिंग यांनी १९४७ मध्येच कागदावर मांडून ठेवला होता. शहराचे लहान लहान षट्कोनी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला कमी शक्तीचा टॉवर द्यायचा आणि थोड्या अंतरावर तीच वारंवारता पुन्हा वापरायची. आवाज मुद्दाम लहान ठेवला की तीच जागा अनेकांना वापरता येते. क्षमता वाढवण्याचे जेवढे उपाय पुढे निघाले त्यांत या एका उपायाचा वाटा सर्वांत मोठा आहे. १९७३ मध्ये हातातल्या फोनवरून पहिला कॉल करणारे मार्टिन कूपर हेच सांगत आले आहेत. सुमारे १,१०० ग्रॅम वजनाच्या त्या फोनपासून आजच्या फोनपर्यंत वजन सहा-सातपट घटले. एका शहरात एका वेळी होणारी संभाषणे मात्र हजारो पटींनी वाढली.

या टंचाईची किंमत रुपयांत पाहायची असेल तर २०२२ चा लिलाव पाहावा. सरकारला एकूण १,५०,१७३ कोटी रुपये मिळाले. त्यात ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासची १० मेगाहर्ट्झची जोडी, देशभरासाठी, वीस वर्षांकरिता, एका कंपनीने ३९,२७० कोटींना घेतली. भागाकार केला तर हर्ट्झच्या एका जोडीला ३९,२७० रुपये पडले. याच लिलावात २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची राखीव किंमत देशभरासाठी एका मेगाहर्ट्झला सुमारे ७ कोटी होती, म्हणजे हर्ट्झला जेमतेम ७० रुपये. हा फरक निसर्गाने केलेला आहे. ७०० मेगाहर्ट्झची लहर भिंतीतून आत शिरते आणि मैलोन्मैल जाते. २६ गिगाहर्ट्झची लहर जाड भिंतीपुढे, पानांपुढे, फोन पकडलेल्या तळहातापुढेसुद्धा हार मानते. इतक्या आखूड लहरींवरचे अगदी सुरुवातीचे काम भारतात झाले. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती, आणि प्रयोगशाळेत त्यांनी ५ मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे ६० गिगाहर्ट्झच्या लहरींपर्यंत मजल मारली. ५जीचे हे वरचे पट्टे आज ज्या प्रदेशात शिरत आहेत, तिथे बोस सव्वाशे वर्षांपूर्वी जाऊन आले होते.

पट्टा वाढत नाही, शक्ती वाढवून फायदा नाही. मग ४जी-५जीचा वेग आला कुठून? याचे एक उत्तर पुण्याशी जोडलेले आहे. थॉमस कैलाथ १९३५ मध्ये पुण्यात जन्मले. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, म्हणजे आपल्या सीओईपीतून, १९५६ मध्ये पदवी घेऊन ते एमआयटीला गेले आणि पुढे स्टॅनफर्डला स्थिरावले. तिथे त्यांच्याकडे आले आरोग्यस्वामी पॉलराज. तमिळनाडूतल्या पोल्लाचीचे, भारतीय नौदलातले अधिकारी. १९७१ च्या युद्धानंतर नौदलासाठी ‘अप्सोह’ ही सोनार यंत्रणा त्यांनी उभी केली होती. समुद्रात आवाज शंभर ठिकाणी आपटून येतो आणि त्यातून पाणबुडी ओळखायची असते. शहरात रेडिओलहरीही अशाच इमारतींवर आपटून शंभर वाटांनी फोनकडे येतात. तोवर बहुतेक इंजिनिअर या प्रतिध्वनींना शत्रू मानत. १९९२ मध्ये पॉलराज आणि कैलाथ यांनी पेटंटसाठी अर्ज केला, त्याचे सार असे की एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर, अनेक अँटेनांतून वेगवेगळी माहिती पाठवा. वाटा वेगवेगळ्या आहेत म्हणूनच पलीकडच्या अनेक अँटेना ती गणिताने वेगळी करू शकतील. १९९४ मध्ये पेटंट मिळाले. अनेकांचा विश्वास बसला नाही. आज ‘मायमो’ नावाने हीच कल्पना प्रत्येक ४जी फोनमध्ये, प्रत्येक नव्या वायफाय राउटरमध्ये आहे, आणि ५जीच्या एका चौकोनी पेटीत ६४ रेडिओ शेजारीशेजारी बसवलेले असतात.

तिचा परिणाम आकड्यांत पाहा. ५जीच्या १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ३,२७६ बारीक पट्ट्या बसतात. प्रत्येक पट्टीवर मिलिसेकंदाला २८ चिन्हे. म्हणजे सेकंदाला ९ कोटी १७ लाख चिन्हे आणि सिग्नल उत्तम असेल तर एका चिन्हात ८ बिट. हा झाला एक थर, ७३ कोटी बिटांचा. मायमोने असे चार थर एकमेकांवर, त्याच हवेत, त्याच क्षणी चढवता येतात. वायफायनेही हीच वाट धरली. १९९७ च्या पहिल्या प्रमाणकात कमाल वेग २ एमबीपीएस होता. वायफाय ७ चा कागदावरचा कमाल वेग ४६ जीबीपीएस आहे, म्हणजे २३ हजार पट. ब्लूटूथचे दुखणे वेगळे. ते गर्दीच्या फुकट पट्ट्यात राहते, म्हणून कानातल्या इअरबडशी बोलताना ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारत गोंगाट चुकवते.

एवढे सगळे असूनही पंढरपुरात आषाढीला फोन लागत नाही. रेंज पूर्ण दिसते, कॉल मात्र जात नाही. अशा वेळी कंपनीला शिव्या देण्याआधी एक आकडा ऐकावा: ६४. फोनला टॉवरकडून जागा हवी असली की तो आधी एक छोटी हाक देतो. ४जीच्या एका सेलमध्ये, म्हणजे टॉवरने सांभाळलेल्या एका तुकड्यात, अशा हाकांचे फक्त ६४ प्रकार आहेत आणि फोन त्यातला एक यादृच्छिकपणे, नशिबावर सोपवून निवडतो. दोघांनी एकाच क्षणी तीच हाक निवडली की दोघांचेही बोलणे फसते. एका क्षणी दहा फोनांनी हाक दिली तर त्यांतल्या कुठल्यातरी दोघांची टक्कर होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. फसलेले फोन थांबून पुन्हा प्रयत्न करतात, तोवर नवे येतात आणि दारातच चेंगराचेंगरी होते. ही पद्धत आली हवाई बेटांवरून. नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये तिथल्या विद्यापीठाचे संगणक ‘अलोहा’ या रेडिओजाळ्याने जोडले. ज्याला बोलायचे आहे त्याने बोलून टाकावे, टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा बोलावे, एवढाच नियम. तिचे गणित कडक आहे. साध्या रूपात वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्केच वापर होतो आणि वेळेच्या ठरलेल्या पाळ्या पाडल्या तर ३६.८ टक्के. त्यापलीकडे गर्दी वाढली की काम वाढत नाही, घटते. पंढरपूरच्या वाळवंटात उभे राहून दहा-दहा वेळा रिडायल करणारा माणूस शेजाऱ्याचा मार्गही बंद करत असतो. गर्दीत एसएमएस पाठवावा आणि थांबावे.

मोबाइलच्या सिग्नलला इथवर क्षीण म्हटले. पण जुन्नर तालुक्यातल्या खोडदला गेल्यावर मोजमाप पार बदलते. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण इथे उभारली, कारण हा भाग रेडिओच्या दृष्टीने शांत होता. २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापरेली यानाचा मोजक्या वॅटचा आवाज साडेसतरा कोटी किलोमीटरवरून या तबकड्यांनी ऐकला होता. जुना २ वॅटचा जीएसएम फोन चंद्रावर ठेवून तिथून कॉल केला, तर खोडदला तो सुमारे ५०० जान्स्की तेजाचा दिसेल. जान्स्की हे रेडिओ-खगोलशास्त्राचे एकक. आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओस्रोतांपैकी एक असलेला क्रॅब तेजोमेघ चंद्रावरच्या या फोनच्या साधारण दुप्पट तेजस्वी आहे. दुर्बीण शोधते ते स्रोत मात्र जान्स्कीच्या लाखाव्या भागाच्या आसपासचे. म्हणजे चंद्रावरचा फोनसुद्धा त्यांच्यापेक्षा पाच कोटी पट प्रखर. आणि तोच फोन चंद्राऐवजी एक किलोमीटरवर, नारायणगावच्या रस्त्यावर कोणाच्या खिशात असेल तर त्याचा सिग्नल आणखी सुमारे १४,७५० कोटी पट मोठा होतो.

२०२३ च्या जानेवारीत याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एका अतिदूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा सिग्नल मिळाल्याचे जाहीर झाले. विश्व ४९० कोटी वर्षांचे असताना तो निघाला होता. निघताना त्याची वारंवारता १४२० मेगाहर्ट्झ होती. विश्व प्रसरण पावत गेले तशी ती ताणली जाऊन खोडदला पोहोचेपर्यंत ६२० मेगाहर्ट्झवर आली. हे ६२० मेगाहर्ट्झ बरोबर त्या ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडते, जो २०२२ च्या लिलावात मोबाइलसाठी विक्रीला ठेवला होता. त्यावर कोणी बोली लावली नाही. पुढेमागे कोणी तरी लावेल.

फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदला प्रदर्शन भरते. मुलांना घेऊन जरूर जा. मात्र फोन नुसता सायलेंटवर ठेवू नका. पोहोचण्याआधीच तो पूर्ण बंद करा, मुलांच्या मनगटावरचे स्मार्ट घड्याळ आणि कानातले इअरबडसुद्धा.